माझी पडण्याची नोकरी

मित्रांनो, माझ्या डिस्कच्या एका कोपऱ्यात आठ महिने एक पत्र पडून होते. त्याला उत्तर गेले नव्हते. पत्र माझ्या नावाचे नव्हते आणि उत्तर लिहिणे माझ्या हातात नव्हते. मला मुळी हातच नाहीत. तरी दर आठवड्याला मला चालू केले, की पहिली आठवण त्याचीच येई आणि आपण काही अपराध केला आहे असे वाटे. का वाटे, ते सांगायचे तर आधी स्वतःविषयी थोडे बोलावे लागेल. त्याचा मला संकोच आहे. शिवाय माझी मेमरी इतक्या वेळा पुसली गेली आहे, की मी सांगतो ते सगळे जसेच्या तसे असेल अशी खात्री देत नाही. सांभाळून घ्या.

मी एक जुना संगणक आहे. पत्र्याचा डबा, पुढे एक बटण, मागे तारांचा गुंता. माझ्यासारखे हजारो असतील. पण बाकीचे संगणक चालावेत म्हणून ठेवलेले असतात. मला ठेवले होते ते पडण्यासाठी.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. धूळ येऊ नये म्हणून तिथल्या खिडक्या कायम बंद असत. मला ज्या बाईने जोडले, तिच्या मनगटाला एक बारीक तार बांधलेली होती आणि तारेचे दुसरे टोक टेबलाला होते. अंगातली वीज चुकून माझ्या नाजूक भागांना लागू नये, म्हणून ही काळजी. दिवसभर ती अशी बांधून घेतल्यासारखी बसून काम करी. शेवटचा स्क्रू पिळल्यावर तिने माझ्या पाठीवर दोनदा थोपटले. कदाचित स्क्रू नीट बसला की नाही ते पाहिले असेल. मी मात्र ते थोपटणेच समजून चाललो आहे.

तिथून मी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या एका कचेरीत आलो. माझ्याबरोबरच्या भावंडांना चांगली चांगली टेबले मिळाली. कोणी चित्रे काढू लागला, कोणी पत्रे टाइप करू लागला. मी भिंतीशी तसाच राहिलो. तिसऱ्या दिवशी जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक गृहस्थ आले आणि माझ्याकडे न बघता, शेजारच्या कपाटाशी बोलल्यासारखे म्हणाले, "हा कुणाला नको असेल तर... म्हणजे, मी घेतला तर चालेल का?"

कचेरीत त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ते शिक्षक कधीच नव्हते. पण त्यांना काहीही विचारले, तरी ते अगदी मुळापासून समजावून सांगत, आणि तेही शक्यतो लिहून. बैठकीत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. बैठक संपली, की तासाभराने प्रत्येकाच्या टेबलावर त्यांचे चार पानी टिपण येऊन पडे.

गुरुजींनी मला आपल्या टेबलाखाली ठेवले आणि माझ्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवली: 'पाडण्यासाठी. कृपया वापरू नये.'

मित्रांनो, संगणक पडतो म्हणजे टेबलावरून खाली कोसळतो असे नव्हे. काम करता करता त्याच्यापुढे एकाएकी असे काही येते, की पुढे काय करावे ते त्याला कळेनासे होते. पडदा गोठतो, बाण हलत नाही, कळा दाबून उपयोग होत नाही. याला क्रॅश होणे म्हणतात. मी पडणे म्हणतो, कारण मला ते तसेच वाटते. पुन्हा उभे केल्यावर संगणकाला काही आठवत नाही. का पडलास, कधी पडलास, असे विचारले तर तो नुसता गप्प.

यासाठी गुरुजींनी एक प्रोग्राम लिहिला होता. मेमरीच्या राखून ठेवलेल्या एका कोपऱ्यात तो झोपून असे. संगणक चालू आहे तोवर त्याला काहीच काम नाही. संगणक पडला, की तो जागा होई, पडलेल्याच्या मेमरीत जे जे होते त्याची नक्कल डिस्कवर उतरवून घेई, वर तारीख आणि वेळ घाली आणि संगणकाला पुन्हा उभा करी. मग माणसांनी ती नक्कल वाचायची आणि पडण्याचे कारण शोधायचे. कचेरीतल्या मंडळींनी त्याचे नाव ठेवले पंचनामा.

पंचनामा नीट काम करतो की नाही, हे पाहायला कोणीतरी पडायला हवे. ते माझे काम. गुरुजी मला दिवसातून वीस वीस वेळा पाडत. कधी भलतेच गणित घालून, कधी मेमरी तुडुंब भरून, कधी चालत्या कामात डिस्कची तार उपसून. प्रत्येक वेळी ते एका वहीत लिहून ठेवत: कसा पाडला, उठला की नाही, पंचनामा पुरा झाला की अर्धवट. येणारेजाणारे थट्टा करत.

"काय गुरुजी, आज किती बळी?"

"अकरा," गुरुजी वहीत पाहून अगदी गंभीरपणे सांगत.

मला सुरुवातीला या नोकरीची लाज वाटे. पण हळूहळू पंचनामा गावोगावच्या संगणकांत गेला. इस्पितळांत गेला, कारखान्यांत गेला. कोणालाही फुकट घेता यावा म्हणून तो खुला ठेवला होता. एके दिवशी कचेरीचे मोठे साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पंचनाम्याला तोड नाही हं." गुरुजी कानापर्यंत लाल झाले. त्यांनी बोट टेबलाखाली दाखवले आणि म्हणाले, "पडतो तो हा." माझ्या आयुष्यात माझे कौतुक एवढेच. मला ते पुरले.

गुरुजींच्या कामात एक शिस्त होती. खुल्या प्रोग्राममध्ये कोणीही, कुठूनही, दुरुस्ती सुचवू शकतो. तिला पॅच म्हणतात, म्हणजे कपड्याला लावतात तसे ठिगळच. ती पत्रातून येते. जी ओळ काढायची तिच्यापुढे वजाचे चिन्ह, जी घालायची तिच्यापुढे अधिकचे. ज्याच्याकडे प्रोग्रामची देखभाल असेल त्याने ती ओळ न् ओळ वाचायची, शंका असेल तिथे त्या ओळीखालीच लिहायची, आणि पटले तर खाली आपले नाव घालायचे: 'वाचले, चालवून पाहिले.' काही लोक हे नुसतेच लिहून टाकत. गुरुजी मात्र मला पाडल्याशिवाय 'चालवून पाहिले' हे दोन शब्द कधीही लिहीत नसत.

मग दिवस बदलले. खऱ्या संगणकाच्या पोटात खोटे संगणक चालवायची युक्ती निघाली. त्यांना हवे तेवढे पाडावे, कोणाला काही लागत नाही. मी अडगळीच्या खोलीत गेलो. गुरुजींची निवृत्ती झाली, त्या आठवड्यात माझी भंगारात रवानगी ठरली होती. गुरुजींनी साहेबांना तोंडी विचारले असते तरी चालले असते. त्यांनी दीड पानी अर्ज केला. साहेबांनी तो न वाचताच "न्या हो न्या" म्हटले, आणि गुरुजींनी मला टॅक्सीत मांडीवर घेऊन घरी आणले.

घरी गुरुजी आणि त्यांची थोरली बहीण, अशी दोघेच राहतात. या ताई चाळीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. गुरुजी सत्तरीला आले तरी त्या त्यांना बाळ्या म्हणतात. माझी जागा मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. माझ्या डोक्यावर ताई आपला चष्मा, लोकरीचा गुंडा आणि कधी कधी चहाचा कप ठेवत. वर एक जुना टॉवेल टाकलेला असे. आठवड्यातून एकदा गुरुजी तो बाजूला करत, मला चालू करत आणि पंचनाम्यासंबंधी आलेली पत्रे पाहत. प्रोग्रामची देखभाल अजून त्यांच्याकडेच होती. दुसऱ्या कोणी मागितली नाही, म्हणून. पत्रेही फारशी येत नसत. पंचनामा इतका जुना झाला होता, की तो आहे हेच लोक विसरले होते.

अशात ते पत्र आले.

एका शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरातले ते पत्र होते. तिथल्या संगणकांची देखभाल करणाऱ्या बाईंनी लिहिले होते. त्या पंपघरात एक जुने पंपचालक आहेत. त्यांना सगळे काका म्हणतात. एका दुपारी पंप चालवणारा संगणक पडला. पडदा गोठलेला दिसला, तर पाच मिनिटे वाट पाहायची आणि मग हाताने खटका ओढून पंप बंद करायचा, असा तिथला नियम. काकांनी तसे केले. पण पंप असा एकदम थांबला, की पाणी उलटा धक्का देते. त्या धक्क्याने मोठी नळवाहिनी फुटली आणि अर्ध्या शहराला तीन दिवस पाणी मिळाले नाही.

चौकशी बसली. खटका ओढल्याची वेळ भिंतीवरच्या यंत्रात नोंदली गेली होती: चार वाजून सात मिनिटे. आणि संगणक पडल्याचा पंचनामा होता, त्याच्यावर वेळ होती चार वाजून अकरा मिनिटे. चौकशी करणाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यांनी निष्कर्ष काढला, की संगणक चालू असताना काकांनी खटका ओढला. त्याने वाहिनीही फुटली आणि त्याच गडबडीत संगणकही पडला. काका सांगत होते, "आधी पडदा गोठला, मग मी खटका ओढला." कोणी ऐकेना. त्यांना पंपावरून काढून फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्यांची नावे लिहायला बसवले.

बाईंना काकांचे खरे वाटत होते. त्यांनी पंचनाम्याचा प्रोग्राम उघडून वाचायला घेतला आणि त्यांना चूक सापडली. पंचनामा वेळ घालायचा, पण केव्हा? सगळी नक्कल उतरवून झाल्यावर, शेवटी. त्या पंपघरातल्या संगणकाची मेमरी मोठी आणि डिस्क अतिशय मंद. नक्कल उतरायला नऊ मिनिटे लागली होती. पडलेल्या संगणकाच्या मेमरीत त्याचे स्वतःचे घड्याळ असते, ते पडताक्षणी थांबते. नकलेच्या आत शोधले, तर ते घड्याळ सापडले. त्यात चार वाजून दोन मिनिटे झाली होती. चौकशीवाले म्हणाले, "आतलं आम्हाला कळत नाही. वर लिहिलं आहे ते खरं. ज्याचा प्रोग्राम आहे त्याने लेखी सांगितलं, तर बघू."

म्हणून हे पत्र. खाली बाईंनी पॅच जोडला होता. दोन ओळी काढलेल्या, पाच घातलेल्या. पंचनाम्याने आपले काम संपल्यावर आपल्या मनगटावर पाहू नये, पडलेल्याच्या खिशातले थांबलेले घड्याळ पाहावे, एवढाच त्याचा अर्थ.

मित्रांनो, आता माझा अपराध सांगतो. ती काढायची ओळ गुरुजींनी लिहिली होती, वीस वर्षांपूर्वी, आणि ती माझ्यावर तपासली होती. माझी मेमरी बोटभर. माझी नक्कल दोन सेकंदांत उतरायची. वेळ आधी घातली काय आणि शेवटी घातली काय, वहीत तोच आकडा. मी हजारो वेळा पडलो, पण फार सोपा पडलो. जी चूक दाखवण्यासाठी मला ठेवले होते, ती मी कधी दाखवूच शकलो नाही.

गुरुजींनी पत्र वाचले आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग उत्तर लिहायला घेतले. तीन ओळी लिहिल्या आणि थांबले. पुढच्या आठवड्यात त्या खोडून पाच लिहिल्या. पुढे पुढे पानभर लिहून सगळे पुसू लागले. असे एकोणीस मसुदे माझ्याकडे जमा झाले, एकही गेला नाही. अडचण मला दिसत होती. बाईंनी चूक बरोबर पकडली होती, पण त्यांच्या पाच ओळींतही एक खोट असावी अशी गुरुजींना शंका होती. काही संगणक असे पडतात, की त्यांची मेमरीच फाटते. अशा फाटक्या खिशात हात घातला, तर पंचनामा स्वतःच पडेल आणि मग वेळही नाही आणि नक्कलही नाही. ती शंका लिहावी, तर गुरुजींना वाटे, आपली चूक उघडी पडली म्हणून आपण समोरच्याची काढतो आहोत. न लिहावी, तर खोटे नाव घालावे लागेल. आणि तपासून पाहावे, तर मला पाडावे लागेल. ते मात्र ते टाळत होते. माझी डिस्क कुरकुरू लागली होती. पंख्यातून आवाज येत होता.

ताई अधूनमधून खोलीत डोकावत.

"बाळ्या, त्या पाणीवाल्या बाईला उत्तर गेलं का?"

"लिहितोय."

"अजून? ग्रंथ काढतोयस का?"

"तसं नाही गं ताई. नेमके शब्द सापडत नाहीत."

"आम्ही बोर्डावर बसायचो ना, दिवा लागला की खुंटी खुपसायची. मी तिथे नेमके शब्द शोधत बसले असते, तर अर्ध्या गावाचा एकमेकांशी अबोला झाला असता."

गुरुजी कसनुसे हसत आणि माझ्यावर टॉवेल टाकत. त्यांच्याबद्दल तक्रार म्हणून मी हे सांगत नाही. टॉवेल पडला की मलाही बरेच वाटे.

मग गेल्या मंगळवारी सकाळी दुसरे पत्र आले. चारच ओळींचे. गुरुजींनी ते वाचले, पुन्हा वाचले. ताई चष्मा न्यायला आल्या होत्या. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि गुरुजींच्या खांद्यावरून मोठ्याने वाचले:

"'महोदय, माझी दुरुस्ती चुकीची असेल, तर तसे कळवले तरी चालेल. येत्या शुक्रवारी काकांची शेवटची चौकशी आहे. परवा ते मला म्हणाले, पोरी, कदाचित मीच आधी ओढला असेन खटका. माझंच वय झालं. मशीन कशाला खोटं बोलेल?'"

ताईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"म्हणजे त्या माणसाला आता स्वतःचंच खोटं वाटायला लागलं," ताई म्हणाल्या.

"ताई, ती ओळ माझी आहे."

"कुठली?"

"ज्या ओळीमुळे वेळ चुकली. मी लिहिली आहे ती."

"बरं. मग?"

"मग काय? तिने माझी चूक धरली. आता मी तिच्या कामात खोट काढू? कुठल्या तोंडाने?"

"खोट आहे का पण?"

"असावी."

"असावी म्हणजे? आहे का नाही?"

"पाडून पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

"मग पाड की!" ताईंनी माझ्या डोक्यावर थाप मारली. लोकरीचा गुंडा खाली घरंगळला. "हा काय फक्त माझा चष्मा ठेवायला आणलाय घरात?"

"फार जुना झालाय गं. एकदा पडला आणि उठलाच नाही तर?"

"नाही उठला तर नाही उठला. तिकडे एक माणूस जिवंतपणी उठेनासा झालाय, त्याचं काय?"

मित्रांनो, मला बोलता आले असते, तर मी तेव्हा बोललो असतो. नव्हे, कदाचित तेव्हाही संकोचाने गप्प बसलो असतो. पण मनातून मला वाटत होते, की पाडा. एकदा तरी मला अवघड पाडा.

पंपघरातला संगणक माझ्याच जातकुळीतला, त्याच वर्षीचा होता. हे बाईंच्या पत्रातच होते. गुरुजींनी कपाटावरून, कचेरीच्या भंगारातून कधीतरी आणलेला, माझ्या एका मेलेल्या भावाचा डबा खाली काढला. त्याच्या मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांनी माझ्यात बसवल्या. आतली खाच दिसेना, तेव्हा ताई टॉर्च धरून म्हणाल्या, "सुईत दोरा ओवतोयस असं समज." मग त्यांनी एक खूप जुनी, कण्हत चालणारी डिस्क जोडली. माझ्या पोटात इतकी जागा कधीच नव्हती. थोडे गरगरल्यासारखे झाले. आधी सगळ्या पत्रांची आणि मसुद्यांची एक प्रत त्यांनी बाजूला काढून ठेवली. ते पाहून मला कळले, की ते माझा निरोप घेत आहेत.

पहिल्यांदा त्यांनी मला जुन्या पंचनाम्यासह पाडले. पडल्यानंतरचे मला माहीत नसते. पुढचे ताई बोलल्या त्यावरून सांगतो. स्वयंपाकघरातले भिंतीवरचे घड्याळ काढून आणून त्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी पडलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. उठलो तेव्हा दहा एकोणतीस. पंचनाम्यावर वेळ होती दहा एकोणतीस. वीस वर्षांनंतर का होईना, चूक मी दाखवली.

मग बाईंच्या पाच ओळी घातल्या आणि पुन्हा पाडले. या वेळी वर दहा बत्तीस आले. ताईंच्या घड्याळातही मी पडताना दहा बत्तीसच होते. "बाई हुशार आहे हो," ताई म्हणाल्या. गुरुजींनी मान डोलावली. वही उघडून लिहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आता फाटका खिसा."

त्यांनी माझी मेमरी मुद्दाम विस्कटली आणि मला पाडले.

मी उठलो नाही. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. पडदा काळा, डिस्क गप्प. गुरुजींची शंका खरी ठरली होती, पण त्यांना त्याचे समाधान वाटत नव्हते. ते पुन्हा पुन्हा माझे बटण दाबत होते. शेवटी ताई म्हणाल्या, "अरे, त्याला जरा श्वास घेऊ दे." त्यांनी माझी तार भिंतीतून काढली, चहा केला, घेतला आणि मग तार परत लावली. कसे झाले ते मला सांगता येणार नाही. कुठेतरी लांबून पंख्याचा आवाज ऐकू आला आणि तो माझाच होता.

"उठला," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. या वेळी स्क्रू तपासण्यासाठी नव्हे, एवढे मला कळले.

मग दुपारभर बसून त्यांनी बाईंच्या पाच ओळींत दोन ओळी घातल्या. खिशात हात घालण्यापूर्वी खिसा शाबूत आहे का ते पाहावे. नसेल, तर पंचनाम्याने जागे होताक्षणी स्वतःच्या घड्याळात पाहावे आणि वेळेपुढे 'अंदाजे' असे लिहावे. पुन्हा मेमरी विस्कटून त्यांनी मला पाडले. या वेळी मी उठलो. पंचनाम्यावर वेळ होती, आणि तिच्यापुढे तो प्रामाणिक शब्दही होता.

मित्रांनो, गोष्ट सांगून झाल्यावर काहीतरी शिकवायचे असते. मला कोणाला शिकवायचा अधिकार नाही. एवढेच मागतो, की घरातला जुना डबा टाकण्यापूर्वी त्याला एकदा चालू करून पाहा. आणि तुमची चूक दाखवणारे पत्र आले, तर मनाजोगे उत्तर सुचेपर्यंत थांबू नका. 'पत्र मिळाले, वाचतो आहे,' एवढे तरी त्याच दिवशी कळवा. तुम्ही आपले शब्द नीट करत बसता, आणि तिकडे कोणीतरी फाटकावर बसून स्वतःवरच संशय घेत असतो. आम्हा यंत्रांवरही फार भार टाकू नका. आम्ही मुद्दाम खोटे बोलत नाही, पण आम्हाला जसे शिकवले तसेच आम्ही बोलतो, आणि शिकवणाऱ्याचे कधी कधी चुकते.

बुधवारी सकाळी गुरुजींनी विसावा मसुदा लिहिला. तो असा:

'आपले पत्र आठ महिन्यांपूर्वी मिळाले. उत्तर द्यायला उशीर झाला, याला कारण माझा भित्रेपणा, दुसरे काही नाही. आपण दाखवलेली चूक खरी आहे. ती ओळ मी लिहिली होती. पंचनाम्यावर दिसणारी वेळ ही संगणक पडल्याची नसून नक्कल पुरी झाल्याची आहे. आपल्याच यंत्राच्या जातीचे यंत्र काल पाडून पाहिले. नऊ मिनिटांचा फरक पडला. तुमच्या नकलेच्या आतले घड्याळ चार वाजून दोन मिनिटांवर थांबले असेल, तर संगणक चार वाजून दोन मिनिटांनीच पडला. खटका त्यानंतर पाच मिनिटांनी ओढला गेला. हे पत्र चौकशीत दाखवावे. मला बोलवल्यास मी येईन. आपल्या तिसऱ्या ओळीखाली मी दोन ओळी सुचवल्या आहेत, कारणही तिथेच लिहिले आहे. पटल्या तर ठेवाव्यात, नाहीतर मला समजावून सांगावे. काकांना माझ्या वतीने सांगावे, की त्यांची आठवण बरोबर होती. माझा प्रोग्राम चुकला.'

खाली बाईंच्या नावानंतर त्यांनी आपले नाव घातले आणि लिहिले: 'वाचले, चालवून पाहिले.'

मग त्यांनी ते दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचायला घेतले, तेव्हा ताई दारात उभ्या होत्या. गुरुजींनी पाठवायचे बटण दाबले. माझी जुनी डिस्क दोनदा कुरकुरली. पत्र माझ्यातून निघाले आणि तारेवरून पुढे गेले.

"गेलं?" ताईंनी विचारले.

"गेलं," गुरुजी म्हणाले.